पद्माची प्लेट

९ जानेवारी १९४१. बेळगाव.

ताप उतरला. आज कामावर. टाकीतला हायपो, प्लेट पक्की करायचं पाणी, कोणी बदललेला नाही, वास दारापर्यंत. कल्लाप्पा कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुमच्याबिगर काय अडलं न्हाय हं. डॉक्टरांनी स्वतः एक्स-रेच्या प्लेटा काढल्या."

अडलं नाही ते दिसलंच. दोन धुरकट, एक पेशंट हललेला. लढाईमुळे मुंबईहून माल येणं कमी झालं आहे, जो येतो तो आधी लष्करी इस्पितळात जातो. आणि इथे ही उधळण. हायपो बदलला.

सगळे प्लेटच म्हणतात. काचेच्या प्लेटा जाऊन किती वर्षं झाली, आता ही वाकणारी फिल्म आहे. मिरजेला एक्स-रेचं काम शिकताना आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, फिल्म म्हणायचं. इथे मीच सोडून दिलं. फिल्म म्हटलं की लोकांना सिनेमा वाटतो, आणि म्हाताऱ्या उठून जायला लागतात.

१२ जाने., रविवार

आप्पांनी आपल्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या प्लेटा काढल्या. या खऱ्या, काचेच्या. स्टुडिओ बंदच आहे, डोळ्यांनी साथ सोडली तेव्हापासून. फ्रेमवाल्याला काच हवी आहे म्हणून आप्पा अंगणात बसून धुतात. गरम पाण्यात सोडा, त्यात काच. थोड्या वेळाने चेहरा सैल होतो आणि सुटतो, दुधावरची साय निघावी तसा. मोरीत नवरदेव, सोल्जर, मांडीवरची पोरं.

मी म्हटलं, वाईट नाही वाटत?

"काच चांगली हाय गं. माणसं काय..." पुढचं कळलं नाही. दातांची प्लेट खिशात होती. डेंटिस्टने केली तेव्हापासून ती तोंडात कमी आणि खिशात जास्त. टोचते म्हणतात. लोकांसमोर लावतात, आम्हां घरच्यांना बोळकं.

एक काच मी बाजूला काढली. काकतीची पद्मा. निपाणीच्या स्थळाला दाखवायला काढलेला फोटो. स्टुलावर हात, जाड वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेली. हनुवटीवर देवीचा वण होता तो मीच काचेवर पेन्सिलीने भरला, म्हणजे फोटोत दिसत नाही. काच तिरपी धरली की पेन्सिलीची चमक अजून दिसते. लग्नाच्या फोटोला सगळेच करून घ्यायचे, धंद्यातली रीत.

का ठेवली? काम बरं झालं होतं म्हणून.

१५ जाने.

माझ्या तापातल्या दिवसांतल्या प्लेटा लावून ठेवल्या. एक नाव: पद्मावती भूपाल, निपाणी. तीच. काकतीच्या जैनांची मुलगी, निपाणीच्या तंबाखूवाल्यांकडे दिली. डॉक्टरांचं मत वर टाचलेलं: उजव्या फुफ्फुसाच्या माथ्याशी छाया, क्षय.

प्लेट इथेच कशी, विचारलं. कल्लाप्पा: "सासू न्यायला तयार न्हाय. म्हनली कागद द्या, रोग घरात नको." आजार प्लेटीत बसला आहे आणि घरी नेली की बाहेर येईल, अशी समजूत. निपाणीचीच असं नाही, कॅम्पातले शिकलेले लोकसुद्धा घडी घालून अडगळीत ठेवतात.

छाया आहे. दाट, लांबट. तिथे उभी राहून जरा जास्त वेळ बघितली. मग पुढचा पेशंट आला.

२ फेब्रु., रविवार

दवाखाना अर्धा दिवस. पद्मा आली, भाऊ बरोबर. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली आहे. खोकल्याचं औषध संपलं म्हणून काकतीहून आले. भावाला ती अण्णा म्हणते. भला माणूस दिसतो, पण बसताना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

डॉक्टर यायला उशीर. तिने पिशवीतून पांढरी एनॅमलची प्लेट काढली, निळ्या काठाची, भाकरी आणि चटणी घेऊन जेवायला बसली. मी बघते आहे हे तिला कळलं.

"घरात समद्यांची पितळी ताटं. ही माझी एकटीची. सासूबाई म्हनल्या, प्लेटीत दिसलं तर प्लेटीतच जेव." आणि हसली. मला हसायला आलं नाही.

मग माझ्याकडे निरखून, "तुमी फोटोवाल्या आप्पांच्या लेक न्हवं? माझी हनुवटी तुमीच सारखी केलती. सासूबाई अजून काढतात ते. म्हनतात, फोटोत न्हवतं, दारात उतरल्यावर दिसलं."

मी म्हटलं, सगळ्यांच्याच करायचो.

"मी कुठं काय म्हनते? बरी दिसलते की."

खोकते. कोरडं. तंबाखूच्या वखारीशेजारी घर, उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हा गल्लीच्या गल्ली खोकते असं तीच म्हणाली. अंगात ताप नाही, वजन उतरलेलं वाटत नाही. उठताना तिने वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतली आणि टोक कमरेला खोचलं. सवय. तेल लावलेली, मनगटाएवढी.

३ फेब्रु.

सकाळी पहिल्यांदा तीच प्लेट काढली. छायेची बाहेरची कड बघितली. ती गळ्याच्या हाडाशी थांबत नाही. वर जाते, फुफ्फुसाच्या बाहेर, मानेत. फुफ्फुसाचा आजार फुफ्फुस सोडून मानेत चढत नाही. आणि छायेत तिरप्या रेघा आहेत, एकाआड एक. वेणीच्या पेडांच्या.

कल्लाप्पाला विचारलं, केस वर बांधले होते का?

"कुठलं हो! सासू शेजारी हुबी. पुरुषासमोर सुनेच्या डोईवरचा पदर ढळू देईना. डॉक्टर म्हनले ऱ्हाऊ दे, घ्या श्वास."

या कामाला बाई ठेवली ती एवढ्यासाठीच. बायकांच्या पदराला, केसांना हात लावायला.

दुपारी डॉक्टरांना दाखवलं. चष्मा काढून, घालून, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "असेल." मग, "पण वेणीच्या मागे काय आहे ते वेणी दाखवत नाही."

ते बरोबर आहे. मी म्हटलं, म्हणून दुसरी काढावी.

"फिल्म कुठाय? आहेत त्या सीरियस पेशंटना पुरत नाहीत. आणि खोकला आहेच ना तिला?"

निपाणीत कोणाला नाही, असं मनात आलं. माल आल्यावर बघू, म्हणाले. दमलेले होते. त्यांच्यावर रागावायलाही आज अंगात ताकद नव्हती.

१० फेब्रु.

दारावरची डॉक्टरांच्या नावाची पितळी प्लेट कल्लाप्पा चिंचेने घासत होता. तिथेच भूपाल येऊन उभा. पद्माचा नवरा. पांढरी टोपी, काखेत कागदात गुंडाळलेलं काही चपटं. आत यायला तयार नाही. मी बाहेर गेले.

"खरेदीला आलतो," म्हणाला. कागदात फोनोच्या, गाण्याच्या प्लेटा होत्या. "पिना घ्यायच्या हुत्या, दोन प्लेटा बी घेतल्या. तिला गाणं आवडायचं. आता फोनो कोन लावतंय..." मग जिन्याकडे बघत, "ती बरी हुईल काय हो?"

मी म्हटलं, पहिली प्लेट नीट आलेली नाही. दुसरी काढल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

"नीट आली न्हाय म्हंजे?"

म्हंजे दुसरी काढायला हवी.

"आईनं मुलगी बघून ठिवलीया. पाडव्यानंतर म्हनतात. तिला टाकनार न्हाय म्हनतात, ती बी ऱ्हाईल, ही बी ऱ्हाईल. पोरबाळ न्हाय न्हवं."

तुम्ही काय म्हणता?

"मी काय म्हननार?" असं म्हणाला, जसं मी काही भलतंच विचारलं. प्लेटा या काखेतून त्या काखेत घेतल्या. गेला.

कल्लाप्पा घासता घासता: "फोनोची प्लेट फुटू न्हाई म्हनून किती जपतोय बघा गडी."

काम करता करता मनात प्लेटाच घोळत राहिल्या. आप्पांच्या सोड्यातल्या, माझ्या टाकीतल्या, पद्माच्या पिशवीतली, याच्या काखेतल्या. आप्पांच्या खिशातली धरून. इंग्रजांनी एवढा एक शब्द दिला आणि आम्ही तो घरभर वापरून घेतला. कपबशीसारखा. दुसरा शोधायचा कंटाळा.

१६ फेब्रु., रविवार

आप्पांचं एकच. माझा फोटो. शहापुरातलं कुठलं तरी स्थळ आहे. "कॅमेरा हाय अजून. मी फोकस करीन, तू बस." डोळे नाहीत, फोकस करणार. मावशी म्हणे लोकांना सांगतेय, मुलगी दवाखान्यात आहे. एक्स-रे म्हणत नाही. त्या किरणांनी बायकांना मूल होत नाही असं गावात बोलतात. शिशाचा एप्रन असतो, सांगून दमले. औषधांनी बोटं पिवळी आहेत, ती मात्र कोणाला सांगावी लागत नाहीत.

पद्माची काच अजून माझ्या कपाटात. या काचेवर होता तो डाग आम्ही पुसला. एक्स-रेत नव्हता तो आला. दोन्हींवर विश्वास ठेवणारी माणसं तीच.

२१ फेब्रु.

माल आला. अर्धाच, पण आला. डॉक्टर आपणहून म्हणाले, "तुझी ती वेणी. काढून टाक एकदा." काकतीला निरोप दिला.

२७ फेब्रु.

पद्मा आली. अण्णा बाहेर. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. तेच बरं.

खोलीचं दार लावलं. पदर काढ म्हटलं, काढला. केस मी स्वतः वर बांधले, बँडेजच्या पट्टीने. केवढं वजन. गळ्यातलं काढ म्हटल्यावर थांबली. म्हटलं, मणी उमटतात. तिने काढलं, मुठीत धरलं. मूठ खाली, अंगापासून लांब, असं दोनदा सांगितलं. श्वास घे. थांब. झालं.

"एवढंच?"

एवढंच.

"तवाबी एवढंच हुतं. आनि घर बदललं."

ती बाहेर जाईना. अण्णा विचारत बसेल म्हणाली. शेवटी अंधाऱ्या खोलीत घेतली. पेशंटला घेत नाहीत. तांबडा दिवा, ती भिंतीला पाठ लावून उभी, हात पोटाशी. डेव्हलपरमध्ये आधी फासळ्या आल्या, मग हृदय. हायपोतून काढून दिव्यासमोर धरली. दोन्ही माथे सारखे काळे, स्वच्छ. छाया नाही. उजवीकडे नाही, कुठेच नाही.

मी सांगितलं. सांगताना आवाज नेहमीचा ठेवला, प्लेटीचं पाणी ओघळून बाहीत गेलं.

ती खुश होईल असं मला का वाटलं होतं, माहीत नाही.

तिने पदर परत डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "अण्णाला लगेच सांगू नका."

का?

"सांगितलं की आज संध्याकाळच्या मोटारीनं निपाणीला नेईल. नाचत नेईल." मग हळू, "ताई, तिकडं पहाटं सासूबाईंच्या आधी उठायचं. समद्यांचं झाल्यावर जेवायचं. दर म्हयन्याला आशेनं बघायच्या, आनि मग तोंड फिरवायच्या. ह्या प्लेटीत दिसलं तवापासनं मला कुनी उठवलं न्हाय. कुनी हात लावला न्हाय. गरम भाकरी आधी मला वाढून, बाजूला सरकतात. मी लई झोपले हो. लगीन झाल्यापासनं एवढी झोपले न्हवते."

मी म्हटलं, तू आजारी नाहीस.

"व्हय. ते आता कळलं."

पाडव्यानंतर दुसरी येते आहे, ते माहीत आहे ना?

"माहीत हाय. ह्यांचं तोंड बघून त्या पोरीला बी दया येईल." मग एकदम, "ते वाईट न्हाईत हो. फोनो लावायचे माझ्यासाठी. आई बाहेर गेली की."

प्लेट क्लिपेला टांगली.

बाहेर अण्णा उठून उभा. "काय निघालं?"

म्हटलं, ओली आहे. वाळायची आहे. डॉक्टर बघतील, शनिवारी या.

खोटं नाही. ओलीच होती. संध्याकाळपर्यंत वाळली.

२८ फेब्रु.

डॉक्टरांनी बघितली. दोन्ही प्लेटा शेजारी लावल्या. "वेणीच. लिहून दे, क्षयाची खूण नाही. पहिला रिपोर्ट रद्द." हात धुतले. हात धुता धुता, "निपाणीला पोस्टाने पाठवून दे, त्यांच्याकडून आलेली पेशंट."

मी म्हटलं, पेशंट स्वतः न्यायला येणार आहे.

"बरं." त्यांनी पुढचा बोलावला.

रिपोर्ट टाइप करताना पत्त्यावर थांबले. भूपालच्या घरचा घालायचा, की काकतीचा? नुसतं तिचं नाव घातलं. पद्मावती. खाली काही नाही. मिरजेच्या बाईंनी परत पाठवला असता.

पोस्टाने टाकलं असतं तर काम संपलं होतं. खरं ते खरं, ज्याला कळायचं त्याला कळू दे. एरवी मी हेच म्हणते. दुसरी म्हणून येणारी ती कोणी एक मुलगी आहे, तिचं लग्न खोट्या छायेवर ठरलं आहे. तिचाही हिशेब... हिशेब नाही, विचार. रात्रभर नको म्हणून इथेच थांबते.

१ मार्च, शनिवार

बाजाराचा दिवस. अण्णा बैल बघायला गेलेला. ती एकटी वर आली, केस आज अंबाड्यात बांधलेले. पदर नीट डोक्यावर. पिशवी तीच.

मी पाकिटासकट प्लेट तिच्या हातात दिली. रिपोर्ट आत आहे म्हटलं. वाचून दाखवला. तिने तेवढं एक वाक्य परत म्हणायला लावलं.

"पहिली?"

पहिली इथे राहील. तिच्यावर मी रद्द लिहिलं आहे.

"आनि ही हरवली तर?"

परत काढता येणार नाही. फिल्म नाही.

"मी हरवते कुठं म्हनले? ठिवीन म्हनते. ट्रंकेत." प्लेट उजेडाला धरली, स्वतःच. "हे सगळं माझं?"

फासळ्या, हृदय, सगळं.

"हनुवटी न्हाय आली."

इथे येत नाही, म्हटलं. तेव्हा ती मनापासून हसली, खोकला आला, तोंडावर पदर धरला. सवयीने दोन पावलं मागे सरकली. मग लक्षात येऊन परत पुढे आली. ती दोन पावलं पुढे आली ते मला...

विचारलं, अण्णाला सांगणार?

"गाडीत सांगीन. न्हायतर काकती आल्यावर. न्हायतर काकती गेल्यावर."

काकती निपाणीच्याच वाटेवर. एकच मोटार. तिने तिकीट कुठलं काढायचं ते तिचं तिलाच काढायचं होतं, आणि मी नर्सही नाही, नातेवाईकही नाही. तरी सांगितलं, तब्येतीसाठी म्हणून झोप हवीच असते, आजार असो नसो, तसं लिहून हवं असेल तर डॉक्टरांना विचारते. डॉक्टर देतील असं नाही. पण विचारीन.

"सासूबाईला लिहून? झोपू द्या म्हनून?" तिला याचीच जास्त गंमत वाटली.

मोटार सुटायची वेळ. गेली. मी खिडकीशी गेले नाही, पेशंट होता. नंतर बाकाखाली बघितलं तर एनॅमलची प्लेट. पुसलेली, पालथी घातलेली. विसरली नाही. विसरणारं माणूस पालथी घालत नाही.

कल्लाप्पा: "टाकून देऊ का बाई? क्षयवालीची हाय."

म्हटलं, ती क्षयवाली नाही.

"तरी बी..."

मी घरी आणली.

९ मार्च

आप्पांनी विचारलं ही कुणाची. सांगितलं. उकळत्या पाण्यातून काढलीस का, म्हणाले. गरज नाही म्हटलं. त्यांनी काढलीच.

५ एप्रिल

पाडवा होऊन गेला. कल्लाप्पा मेहुणीच्या घरी निपाणीला जाऊन आला. "तंबाखूवाल्यांच्या गल्लीत एक मांडव दिसला हुता बाई. पन कुनाचा त्ये इचारलं न्हाय. तितं काय घरं थोडी हायत?" मग माझ्याकडे बघून, "इचारायला पायजे हुतं काय?"

नको म्हटलं.

काकतीला विचारता येतं. शनिवारी बाजारात अण्णा दिसतो. आज दिसला, लांबून, कडब्याच्या गाडीवर. एकटाच होता. एकटा होता यातून काही निघत नाही. ती घरी असली तरी तो एकटाच येणार, नसली तरी एकटाच. मी रस्ता ओलांडला नाही.

खोकल्याचं औषध न्यायला कोणी आलेलं नाही. यातूनही काही निघत नाही.

६ एप्रिल, रविवार

आप्पा परत सोड्यात बसले. बादलीत शेवटच्या काचा. कपाटातली ती एक मी बाहेर काढून उन्हात बघितली. स्टुलावर हात, खांद्यावर वेणी, हनुवटीवर माझी पेन्सिल.

"ती बी आन, पानी गरम हाय तंवर."

मी मऊ फडका ओला केला आणि नुसती पेन्सिल पुसली. हलक्या हाताने, बाकी काही जाऊ नये असं. वण परत आला. मग काच पुन्हा कपाटात.

आप्पांनी हात पुसले. खिशातून दात काढून लावले, म्हणजे जेवायला वाढायचं. त्यांना ताटात वाढलं. माझी भाकरी निळ्या काठाच्या प्लेटीत घेतली, गरम होती तोवर, आणि त्यांच्या आधी बसले.